नव्याचे पाच दिवस

८ डिसेंबर २००५, सकाळचे ७ वाजून ४६ मिनिटं ४३ सेकंद. ही ग्रीनिचची वेळ. आपल्याकडे तेव्हा दुपारचा सव्वा वाजून गेला होता. इतिहासाच्या पुस्तकांत हा क्षण सापडणार नाही. पण रेडिट हे संकेतस्थळ ज्या संगणकीय ओळींवर चालायचं, त्या ओळींमध्ये तो ठाण मांडून बसलेला आहे: ११३४०२८००३, म्हणजे १ जानेवारी १९७० पासून त्या क्षणापर्यंत उलटलेले सेकंद. रेडिटवर येणाऱ्या प्रत्येक बातमीची जन्मवेळ या क्षणापासून मोजली जाई. शालिवाहनाचा शक, तसा हा रेडिटचा शक.

एका संकेतस्थळाला स्वतःची कालगणना कशाला लागावी? उत्तर शोधायला गेलं की गणिताची एक ओळ हाती लागते. पोस्टकार्डावर लिहिली तर अर्धं कार्ड कोरं राहील, इतकी ती छोटी आहे. आणि लक्षावधी माणसांच्या डोळ्यांपुढे सकाळी कोणती बातमी आधी यायची, हे कैक वर्षं त्या ओळीने ठरवलं.

आधी अडचण काय होती ते पाहू. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर काय जाणार हे संपादक ठरवतो. १९९७ साली सुरू झालेल्या स्लॅशडॉट या संकेतस्थळावर बातम्या वाचक पाठवत, पण निवड संपादकांच्याच हातात होती. डिसेंबर २००४ मध्ये केव्हिन रोझ आणि त्याच्या साथीदारांनी सॅन फ्रान्सिस्कोत ‘डिग’ काढलं. २००५ च्या जूनमध्ये स्टीव्ह हफमन आणि अलेक्सिस ओहेनियन या, व्हर्जिनिया विद्यापीठातून नुकत्याच बाहेर पडलेल्या दोन मित्रांनी रेडिट सुरू केलं. दोन्हीकडे संपादकाची खुर्चीच उचलून ठेवली होती. लिंक कुणीही आणून टाकावी, वाचणाऱ्यांनी तिला मत द्यावं, जिला जास्त मतं ती वर.

ऐकायला सोपं वाटतं. पण फक्त मतं मोजली, तर एकदा गाजलेली बातमी वर जाऊन बसते ती उठतच नाही. वर आहे म्हणून जास्त लोकांना दिसते, दिसते म्हणून तिला आणखी मतं पडतात. सहा महिन्यांनी या, पान तेच. बरं, फक्त नवेपणा मोजला, तर दर मिनिटाला जे येईल ते वर चढतं: जाहिराती, चावून चोथा झालेल्या लिंका, कुणाच्या तरी मांजराचा फोटो. चांगला लेख पाच मिनिटांत वाहून जातो. म्हणजे मतं आणि वेळ दोन्ही हिशेबात धरायला हवीत. पण एक मोजायचं नगांवर आणि दुसरं घड्याळावर. किती मतं म्हणजे किती तास? हा विनिमय दर कुणीतरी बसून ठरवावाच लागतो. अशा प्रत्येक संकेतस्थळाने तो आपापला ठरवला, आणि माझ्या मते त्या त्या ठिकाणचा सगळा स्वभाव त्या दरात उतरला आहे.

रेडिटचा दर होता: मतं दसपट म्हणजे साडेबारा तास.

२००८ मध्ये रेडिटने आपला कोड सगळ्यांसाठी खुला केला तेव्हा हे सूत्र जगाला दिसलं. बातमीला मिळालेल्या पसंतीच्या मतांतून नापसंतीची वजा करायची. उरेल त्याचा दहाच्या पायावरचा लॉगॅरिदम घ्यायचा. बातमी जन्मली तेव्हा रेडिटच्या शकाला किती सेकंद झाले होते, त्याला ४५,००० ने भागायचं आणि ते उत्तर त्यात मिळवायचं. ४५,००० सेकंद म्हणजे साडेबारा तास. नापसंतीच जास्त असेल तर बातमी खाली फेकली जाते, तो भाग सोडून देऊ. बाकी सूत्र एवढंच.

शाळेत लॉगॅरिदमच्या तक्त्यांनी ज्यांना छळलं त्यांनी घाबरायचं कारण नाही. इथे त्याचं काम एवढंच की १० मतांना १ गुण, १०० ला २, १,००० ला ३ आणि एक लाखाला ५. पहिल्या दहा मतांनी जेवढं मिळालं, तेवढंच आणखी मिळवायला पुढची नव्वद लागतात, आणि त्याच्या पुढच्या गुणाला नऊशे. स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने १६१४ साली लॉगॅरिदमचे तक्ते छापले ते खगोलशास्त्रज्ञांचे अवाढव्य गुणाकार सोपे व्हावेत म्हणून. चारशे वर्षांनी ते गर्दीचा उत्साह आवरायला कामी येतील हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

आणि आता यातली खरी करामत. पान ताजं ठेवायचं म्हणजे जुन्या बातमीचे गुण हळूहळू कापत जायचे, असं आपल्याला आपसूक वाटतं. रेडिटचं हे सूत्र कुणाचेच गुण कापत नाही. वय वाढलं म्हणून बातमीचा एक दशांश गुणही कमी होत नाही. त्याऐवजी प्रत्येक नवी बातमी जन्मतानाच ग्रेस मार्क घेऊन येते, आणि जी जितकी उशिरा जन्मली तिला तितके जास्त. शक सुरू झाल्यानंतर बरोबर वीस वर्षांनी जन्मणाऱ्या बातमीच्या खात्यात, पहिलं मत पडण्याआधीच, १४,०२५ गुण असतात. जुनी बातमी आहे तिथेच राहते. मागून येणाऱ्या तिच्यापेक्षा वरच्या पट्टीत जन्माला येतात.

यात यंत्राचाही केवढा फायदा! गुण वयाप्रमाणे उतरत असते, तर लाखो बातम्यांचा हिशेब दर मिनिटाला नव्याने मांडावा लागला असता. इथे मत पडलं तरच त्या एका बातमीचा आकडा हलतो. बाकीच्या लाखोंना कुणी हातही लावत नाही, तरी पान आपोआप बदलत राहतं. कुणालाही म्हातारं न करता सगळ्यांना जुनं करून टाकायचं, ही युक्ती ज्याला पहिल्यांदा सुचली असेल त्याला त्या रात्री झोप लागली नसेल असं मला वाटतं.

चौदा हजार गुण वेळेचे आणि लाख मतांचे फक्त पाच, मग मतांना किंमत काय? किंमत आहे, कारण आजूबाजूच्या सगळ्याच ताज्या बातम्यांकडे तेच चौदा हजार असतात. झगडा असतो तो शेवटच्या दोन-चार गुणांसाठी, आणि ते देतात मतंच. तरीही हे पाच गुण वेळेत मोजून पाहण्यासारखे आहेत. पाच गुणिले साडेबारा, म्हणजे साडेबासष्ट तास. लाख मतं मिळवलेली बातमी एकाच मताच्या नवजात बातमीच्या वर राहते ती जेमतेम अडीच दिवस.

मग थोडं स्वप्नरंजन करू. समजा पृथ्वीवरच्या ८०० कोटी माणसांनी, पाळण्यातल्या बाळांसकट, एकाच बातमीला मत दिलं. एकही विरोधी मत नाही. ८०० कोटींचा लॉगॅरिदम येतो ९.९. त्याला साडेबाराने गुणलं की सुमारे १२४ तास. पाच दिवस आणि वर चार तास. अख्ख्या मानवजातीने एकमुखाने डोक्यावर घेतलेली बातमी सहाव्या दिवशी, कुणीतरी एकट्याने मत दिलेल्या, आत्ताच आलेल्या फुटकळ लिंकच्या खाली जाणार! आपली म्हण नव्याला निदान नऊ दिवस देते. रेडिटवर ते नऊ दिवस पदरात पाडून घ्यायचे तर जवळजवळ दोनावर सतरा शून्यं इतकी मतं लागली असती.

हॅकर न्यूज नावाचं दुसरं एक ठिकाण आहे. पॉल ग्रॅहम यांनी ते फेब्रुवारी २००७ मध्ये सुरू केलं. दिसायला अजून तसंच उघडंबोडकं: वर एक नारिंगी पट्टी, खाली तीस लिंका, चित्र औषधालाही नाही. जगभरचे प्रोग्रामर आणि नवउद्योजक सकाळचा पहिला चहा त्यावर घालवतात. तिथल्या विनिमय दराची जातच निराळी आहे. मतांतून एक वजा करायचं, कारण ते लिंक टाकणाऱ्याचं स्वतःचं. मग बातमीच्या वयाच्या तासांत दोन मिळवायचे, त्या बेरजेचा १.८ वा घात काढायचा, आणि त्याने मतांना भागायचं. या १.८ ला तिथल्या कोडमध्ये नाव दिलं आहे गुरुत्वाकर्षण! प्रत्येक बातमीला खाली ओढणारी शक्ती. (पुढे एका आवृत्तीत मतांवरही ०.८ चा घात चढवून त्यांचा जोर कमी केला गेला; मी इथे सगळ्यात गाजलेलं साधं रूप घेतो आहे.)

ते दोन मिळवणंही सहज म्हणून नाही. ते नसतं तर नुकत्याच आलेल्या बातमीचं वय शून्य, आणि शून्याने भागल्यावर उत्तर अनंताकडे पळतं. पहिल्या सेकंदाला कुठल्याही बातमीला एखादं मत पडलं की ती थेट शिखरावर! दोन तासांची ही उशी त्या उड्या थांबवते.

दोन्ही ठिकाणी एकच सामना लावून बघू. एका बाजूला दहा तासांपूर्वीची, १०० मतांची बातमी. समोर अर्ध्या तासापूर्वी आलेली एक नवखी. हॅकर न्यूजच्या सूत्रात जुनीचे गुण होतात १.१३. नवखीला किती मतं मिळाली म्हणजे ती पुढे जाईल? अवघी सात. सात मतांवर ती १.१५ ला पोहोचते. तोच सामना रेडिटवर जिंकायला नवखीला अठरा मतं लागतात. पोरसवदा बातमीवर हॅकर न्यूज किती मेहरबान आहे ते यावरून दिसावं.

या दोन सूत्रांच्या पोटात आणखी एक फरक आहे आणि तो मला फार सुंदर वाटतो. रेडिटच्या सूत्राची जरा उलटापालट केली की त्यातून निघतं चक्क किरणोत्सर्गाचं गणित. युरेनियम किंवा रेडियमचं जसं ठरावीक अर्धायुष्य असतं, तसं रेडिटवरच्या मतांचंही आहे: ३ तास ४६ मिनिटं. दर पावणेचार तासांनी ताज्या बातम्यांच्या तुलनेत जुन्या मतांची किंमत निम्मी. बातमी तासाभराची असो की महिन्याची, हा काळ बदलत नाही. हॅकर न्यूजवर तो बदलतो. कोऱ्या करकरीत बातमीचे गुण निम्मे व्हायला पुरतात सुमारे ५६ मिनिटं. पण जी एक दिवस टिकली, तिचे गुण निम्मे व्हायला आणखी बारा तास लागतात. पहिल्या तासात निर्दय आणि नंतर सावकाश, असं हे गुरुत्वाकर्षण.

माणसाचं कुतूहल यातल्या कुठल्या वळणाने ओसरतं? फांग वू आणि बर्नार्डो ह्यूबरमन या पालो अल्टोच्या एचपी प्रयोगशाळेतल्या दोघांनी हे डिगवरच्या बातम्यांवरून मोजलं आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापलं. दहा लाख वापरकर्ते असलेलं ते संकेतस्थळ, आणि वर्षभरात पहिल्या पानावर पोहोचलेल्या हजारो बातम्या. त्यांना दिसलं की बातमीचं नवेपण साधारण तासाभरात निम्म्यावर येतं. आणि ते किरणोत्सर्गासारखं ठरावीक वेगाने ओसरत नाही. आधी भरभर आणि मग रेंगाळत रेंगाळत ओसरतं. दोन्ही वक्र अगदी एकच आहेत असं नव्हे. तरी हॅकर न्यूजचा पहिला तास आणि माणसाच्या उत्सुकतेचा पहिला तास यांचं इतकं जमावं, हे पाहून हसू येतं.

इथवर सगळं सूत्रांचं कौतुक झालं. पण घड्याळ इतकं जोरात पळू लागलं की त्याचे चटकेही बसतात, आणि ते बसतात ते चांगल्या गोष्टींनाच. ग्रॅहम यांनी २००९ मध्ये हे नेमकं मांडलं. वाचकांच्या मतांवर चालणाऱ्या ठिकाणी ज्या गोष्टीबद्दल मत बनवणं सगळ्यात सोपं, तीच हळूहळू सगळी जागा व्यापते. मुद्दाम उपाय केले नाहीत तर हे अटळ आहे. कारण उघड आहे. मजेशीर फोटो बघायला आणि मत द्यायला दोन सेकंद लागतात. एखादा दीर्घ लेख वाचायला चाळीस मिनिटं. वाचक लेख संपवून, प्रसन्न होऊन, मत द्यायला परत येतो तोवर हॅकर न्यूजच्या सूत्राप्रमाणे त्याच मताची किंमत चाळीस टक्क्यांनी घसरलेली असते. जो सावकाश वाचतो त्याचं मत स्वस्त. ताजेपणाच्या हव्यासाची ही किंमत आहे, आणि ती मोजतो तो मन लावून लिहिणारा.

म्हणून हॅकर न्यूजवर सूत्राच्या भोवती कुंपणं घातली गेली. कॉमेंटची संख्या मतांपेक्षा फार वाढली की यंत्रणा समजते, इथे वाचन कमी आणि भांडण जास्त चाललं आहे, आणि बातमीला खाली सरकवते. मथळा मुळात असेल तसाच ठेवायचा. उद्गारचिन्हं आणि कॅपिटल अक्षरं लावून आरडाओरडा करायचा नाही. जुना लेखही चालतो, फक्त शेवटी कंसात त्याचं साल लिहायचं. १९८० च्या दशकातला एखादा विस्मरणात गेलेला लेख त्यामुळे आजच्या पहिल्या पानावर दिमाखात बसलेला दिसतो. वर्षभरात चर्चा होऊन गेलेली गोष्ट तिथे शिळी धरतात, आणि त्याआधीची पुन्हा नव्याने येऊ शकते. मला हा नियम शहाणा वाटतो.

दुसरा घोळ पहिल्या मताचा. लेव्ह मुखनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर या तिघांनी २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. असंच एक मतांवर चालणारं बातम्यांचं संकेतस्थळ घेतलं, आणि पाच महिन्यांत तिथे आलेल्या १,०१,२८१ कॉमेंटपैकी काहींना जन्मतःच, कुठलाही विचार न करता, एक पसंतीचं मत चिकटवलं. काहींना नापसंतीचं. उरलेल्या तशाच सोडल्या. परिणाम? फुकटचं एक मत मिळालेल्या कॉमेंटला तिच्या पहिल्या वाचकाकडून मत मिळण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली, आणि शेवटाला तिचे गुण सरासरी २५ टक्के जास्त भरले. एका खोट्या मताने! नापसंतीच्या मताचं मात्र लोकांनी परिमार्जन केलं. अन्याय झालासा वाटला की माणसं धावून येतात, पण फुकटची बढती मिळालेल्याला कुणी खाली खेचत नाही. आता हे रेडिटच्या सूत्राशेजारी ठेवा, जिथे पहिली दहा मतं पुढच्या नव्वदांइतकी मोलाची. कुठली बातमी तरणार हे पहिल्या काही मिनिटांत, मोजक्या माणसांच्या हातून ठरून जातं.

कॉमेंटच्या बाबतीत हा पहिलेपणाचा अन्याय रेडिटवर फार जाचू लागला होता. चर्चेत सगळ्यात आधी येऊन काहीतरी ठोकून देणारा वर बसे, आणि दोन तासांनी आलेला जाणकार तळाशी. ऑक्टोबर २००९ मध्ये त्यावर उपाय आला, आणि वाचकांना तो समजावून सांगितला ‘एक्सकेसीडी’ या चित्रमालिकेच्या रॅन्डल मन्रो यांनी. उपाय होता १९२७ सालचा, एडविन विल्सन या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाचा. समजा एका कॉमेंटला एकच मत पडलं आणि ते पसंतीचं: शंभर टक्के. दुसरीला अकरा मतं, त्यातलं एक नापसंतीचं: एक्याण्णव टक्के. चांगली कुठली? टक्केवारी म्हणते पहिली. आपलं मन म्हणतं दुसरी, कारण एका मतावर भरवसा काय ठेवायचा! विल्सनचं सूत्र या मनाच्या बाजूचं आहे. हाती असलेल्या मतांवरून, वाईटात वाईट धरून, खरा कौल निदान किती असेल ते ते काढतं. रेडिटने घेतली तशी ८० टक्के खात्री धरली, तर पहिलीला मिळतात ०.३८ आणि दुसरीला ०.७४. या सूत्रात वेळ कुठेच नाही. घड्याळ काढून टाकल्याबरोबर उशिरा आलेली चांगली कॉमेंट वर चढू लागली, आणि चर्चा आधीपेक्षा ताजी वाटू लागली.

डिगचं काय झालं तेही सांगायला हवं. ऑगस्ट २०१० मध्ये त्यांनी सगळा साचा बदलला. नापसंतीचं बटण काढलं आणि मोठ्या प्रकाशकांच्या बातम्या आपोआप आत येण्याची सोय केली. बातम्यांचा पुरवठा धो धो वाढला, पण आणणारी माणसं दुखावली. त्यांनी चिडून डिगच्या पहिल्या पानावर रेडिटच्याच लिंका मतं देऊन देऊन चढवल्या, आणि मग रेडिटवर मुक्काम हलवला. जुलै २०१२ मध्ये डिगचं नाव आणि संकेतस्थळ सुमारे पाच लाख डॉलरना विकलं गेलं.

म्हणजे सूत्र बातम्यांची रांग लावू शकतं, बातम्या आणू शकत नाही. रेडिटवर मराठी, महाराष्ट्र, पुणे, मुंबई अशा नावांचेही कट्टे आहेत. पण कट्टा कुठलाही असो, तिथे दिवसाकाठी दोनतीनच लिंका पडत असतील तर साडेबारा तासांचं घड्याळ फिरून फिरून फिरवणार काय? खुद्द रेडिटचा जन्मच अशा सामसुमीत झाला. पहिल्या दिवसांत हफमन आणि ओहेनियन हे दोघंच निरनिराळ्या बनावट नावांनी लिंका टाकत असत, येणाऱ्याला वाटावं की इथे गर्दी आहे. हफमन यांनी हे पुढे स्वतःच हसत हसत सांगितलं. खरी माणसं यायला लागली तशी ती नावं निवृत्त झाली.

आणि माणसं आली तरी ती उभी राहतात कुठे? तयार पहिल्या पानासमोर. ‘न्यू’ या पानाकडे, जिथे प्रत्येक लिंक उतरते आणि पहिल्या मताची वाट बघते, तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. साहजिक आहे, तिथे दहातल्या नऊ गोष्टी टाकाऊ असायच्या, त्या उपसण्याचं काम दुसऱ्याने करावं आणि आपण वेचलेलं वाचावं असं प्रत्येकाला वाटतं. जॉर्जिया टेकच्या एरिक गिल्बर्ट यांनी २०१३ मध्ये याचा हिशेब मांडला. रेडिटवर पुढे सर्वाधिक गाजलेल्या लिंकांचा त्यांनी मागोवा घेतला, तर त्यातल्या ५२ टक्के लिंकांकडे त्या पहिल्यांदा टाकल्या गेल्या तेव्हा कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पुन्हा कुणीतरी त्या टाकल्या म्हणून त्या वाचल्या. ज्या पुन्हा टाकल्याच गेल्या नाहीत, त्यांची गणती कशी करणार?

हॅकर न्यूजने यावर काढलेला तोडगा गणिताचा नाही, अगदी माणसाचा आहे. तिथले व्यवस्थापक जुन्या, दुर्लक्षित लिंका चाळतात आणि चांगली वाटली ती दुसऱ्या संधीच्या यादीत घालतात. तिथून ती पहिल्या पानाच्या तळाशी थोडा वेळ आणून ठेवली जाते. लोकांना आवडली तर वर जाते, नाही तर निमूट उतरते. वीस वर्षांपूर्वी उचलून ठेवलेली संपादकाची खुर्ची अशी मागच्या दाराने परत आली आहे, आणि आली ते बरंच झालं.

रेडिटने २०१७ मध्ये आपला कोड खुला ठेवणं थांबवलं. आज तिथे प्रत्येकाला त्याच्या आवडीनिवडीप्रमाणे वेगळं पान दिसतं, आणि पोस्टकार्डावर मावणाऱ्या त्या ओळीवर आणखी बरीच पुटं चढली आहेत. पण ‘न्यू’ची खिडकी दोन्ही ठिकाणी उघडी आहे. तुम्ही अशा कुठल्या कट्ट्यावर रोज जात असाल, तर वरचं तयार पान वाचण्याआधी पाच मिनिटं त्या खिडकीशी थांबा. वाचण्याजोगं काही दिसलं तर वाचा आणि मत द्या. रेडिटच्या त्या ओळीच्या हिशेबाने, पहिल्या दहांतलं तुमचं एक मत पुढे येणाऱ्या नऊ जणांच्या मतांएवढं भरतं.